जेवणाच्या टेबलाची निवडणूक

घरात जेवणाचं टेबल होतं, पण त्यावर जेवायची सोय नव्हती. प्राध्यापक निवृत्त झाले आणि देशाच्या कनिष्ठ सभागृहाच्या निवडणुकांचा इतिहास लिहायला बसले, ते नेमके त्या टेबलावर. पहिली निवडणूक खिडकीपाशी सुरू झाली, मध्यावधी निवडणुका मधोमध पसरल्या आणि पोटनिवडणुका खुर्च्यांवर जाऊन बसल्या. बायको, मुलगी आणि म्हातारी आई मांडीवर ताटं घेऊन जेवू लागल्या. एके दिवशी आईच्या मांडीवर गरम सूप सांडलं आणि बायकोचा संयम सुटला.

"अहो, आज हे टेबल रिकामं झालं पाहिजे!"

"हुकूमशाही चालणार नाही. मतदान घेऊ."

"घ्या की. टेबल जेवायला हवंय त्यांनी हात वर करा."

तीन जणींनी हात वर केले. आईने तर दोन्ही केले.

"हे बाद!" प्राध्यापक कडाडले. "उघड मतदान केव्हाच मोडीत निघालंय. पूर्वी जमीनदार समोर उभा राहायचा आणि कुळं घाबरून हात वर करायची. इथे तेच चाललंय."

"जमीनदार कोण? मी?" बायकोने विचारलं.

"मी कुणाचं नाव घेतलेलं नाही."

खरं तर घाबरले होते ते स्वतःच. एकदा का कागद टेबलावरून ट्रंकेत गेले की पुस्तक जन्मात पुरं होणार नाही, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. स्वतःचा आळस ते ओळखून होते.

मग गुप्त मतदान ठरलं. जुन्या पद्धतीप्रमाणे प्रत्येक उमेदवाराची वेगळी पेटी. स्वयंपाकघरात दाराआड दोन सारखे डबे ठेवले. प्राध्यापकांच्या डब्यावर पुस्तकाचं चित्र, बायकोच्या डब्यावर चमच्याचं. प्रत्येकाला एकेक बटण मिळालं. प्राध्यापक सर्वांत शेवटी आत गेले आणि कर्तव्य बजावल्याच्या तोऱ्यात बाहेर आले. मतमोजणी झाली. चमच्याच्या डब्यात चार बटणं, पुस्तकाचा डबा ठणठणीत रिकामा.

"अरे, पण माझं मत कुठे गेलं?"

"बाबा, गुप्त मतदान आहे," मुलगी गंभीरपणे म्हणाली. "कुणी कुणाला दिलं ते विचारायचं नसतं."

प्राध्यापकांनी सवयीने चष्मा सावरायला हात नेला. चष्मा नाकावर नव्हताच. तो दोन पोटनिवडणुकांच्या मध्ये कुठेतरी गाडला गेला होता.

पण हार मानतील ते प्राध्यापक कसले! "आपण मुळाशी जाऊ," ते म्हणाले. "सुरुवातीला मत सगळ्यांना नव्हतंच. ज्याच्या नावावर घरदार, त्यालाच. बायकांना तर..."

"बायकांना तर काय?" तिघींनी एकदम विचारलं.

"...पुढे मिळालं. फार चांगलं झालं."

"मग घर कुणाच्या नावावर आहे?" बायकोने गोड आवाजात विचारलं.

घर आईच्या नावावर होतं. प्राध्यापकांचा चेहरा उजळला. काही झालं तरी शेवटी आईच ती! ते तिच्या पायाशी जाऊन बसले.

"आई, तू एकटीच मतदार. लेकाचं पुस्तक आहे गं."

आईने सुनेकडे पाहिलं, मग लेकाकडे. "माझं मत तुला. टेबल तुझं."

प्राध्यापकांनी मुलीला टाळी मागितली. तिने दिली नाही.

"बरं, निवडून आलास ना? आता कारभार बघ," आई म्हणाली. "भूक लागलीय."

बायकोने तत्काळ झारा त्यांच्या हातात ठेवला आणि सोफ्यावर पाय पसरले. "मी आता विरोधी पक्षात. आम्ही फक्त नावं ठेवणार."

निवडणुका कशा जिंकतात, यावर प्राध्यापक शेकडो पानं लिहू शकत होते. जिंकल्यावर कांदा कसा चिरतात, हे त्यांच्या एकाही प्रकरणात नव्हतं. ते रडत रडत कांदे चिरत राहिले. सोफ्यावरून "भाजी लागतेय!" अशी घोषणा झाली, तेव्हा ती खरोखरच लागली होती. त्यांनी फडक्यात धरून पातेलं उचललं. फडकं पातळ होतं. ओट्यावर सालांचा ढीग, म्हणून ते पातेलं घेऊन टेबलाकडे धावले.

"अगं, हे कागद उचला कुणीतरी! हात भाजतोय!"

"रीतसर प्रस्ताव मांडा," बायको म्हणाली. "आम्ही विचार करू."

प्राध्यापकांनी कोपराचा एकच फटकारा मारला. पहिल्यापासून शेवटपर्यंतच्या सगळ्या निवडणुका जमिनीवर आल्या आणि पातेलं टेबलाच्या मधोमध विराजमान झालं. बायकोने शांतपणे चार ताटं मांडली.

प्राध्यापक बोटं फुंकत खुर्चीत कोसळले. "आई, मी राजीनामा देतो."

आईने भाजीचा घास घेतला, तोंड वाकडं केलं आणि म्हणाली, "असा कसा देतोस? मुदत पाच वर्षांची असते ना रे?"