मंजुळाबाई शेकरूचा जबडा

एका जंगलात, बाळांनो, सगळ्यांचं बरं चाललं होतं. म्हणूनच कुणाला चैन पडत नव्हतं.

त्या जंगलात डोंगराच्या पोटात एक गुहा होती आणि गुहेत गरम पाण्याचा झरा होता. आत पाऊल टाकलं की घामाच्या धारा लागायच्या. तिथे शांताक्का नावाची घोरपड राहायची. घोरपडीचं अंग मुळात थंड. ऊब बाहेरून घ्यावी लागते बिचारीला. म्हणून शांताक्का रोज सकाळी झऱ्याकाठच्या दगडावर चारी पाय पसरून, मान वर करून, डोळे अर्धवट मिटून पडून राहायची. याच्यापलीकडे तिने आयुष्यात काही केलं नव्हतं.

एकदा थंडीच्या दिवसांत भुरकेराव ससा गुहेत डोकावला. एवढ्या उकाड्यात ही बाई घामाचा थेंब न गाळता, कपाळाला आठी न घालता बसलीय, हे पाहून तो भारावून गेला. भुरकेरावला भारावायला फार वेळ लागत नसे. हे आपण काय करता, असं त्याने हात जोडून विचारलं. शांताक्का काही बोलली नाही. तिचं अंग अजून तापलं नव्हतं, आणि अंग तापल्याशिवाय तिची जीभ हलत नसे.

झालं! भुरकेराव बाहेर आला आणि जंगलभर सांगत सुटला. गुहेत मोठ्या अधिकाराच्या बाई आहेत, उष्णयोग करतात, मौनात असतात. आठ दिवसांत गुहेत तीन बॅच भरल्या.

नियम कुणी केले म्हणता? भुरकेरावनेच. शांताक्काकडे बघून बघून केले. बाईंचे ओठ मिटलेले असतात, तर सगळ्यांनी ओठ मिटायचे. बाईंच्या तोंडाचे कोपरे जरा वर गेलेले असतात, तर सगळ्यांनी तसंच मंद हसायचं. आता घोरपडीचं तोंड जन्मापासून तसंच असतं, हे या शहाण्याला कोण सांगणार? बाई मधेच उठत नाहीत, म्हणून कितीही जीव घाबरा झाला तरी कुणी उठायचं नाही. आणि वर्ग संपल्यावर भुरकेराव विचारणार, "कसं वाटतंय?" सगळ्यांनी एका सुरात म्हणायचं, "हलकं वाटतंय."

याच जंगलात उंच ऐनाच्या झाडावर मंजुळाबाई शेकरू राहायची. शेकरू म्हणजे मोठी तांबूस खार. मंजुळाबाईचे दोन गुण जंगलात प्रसिद्ध होते. एक म्हणजे दात. बेहड्याची दगडासारखी बी ती एका चाव्यात फोडायची. दुसरा म्हणजे आवाज. बिबट्याचा एक ठिपका जरी झाडीत दिसला तरी शेंड्यावरून असा काही कडकडाट करायची की अर्धं जंगल झाडावर आणि उरलेलं बिळात. तिच्या ओरडण्यावर कितीतरी जणांचे संसार उभे होते.

पण शेजारीण माकडीण, बकुळाबाई तिचं नाव, एकदा गोड आवाजात म्हणाली की मंजुळाबाई, तुम्ही फार ओरडता, तुम्हाला आतून ताण आहे. मंजुळाबाईला ते फार लागलं. रात्रंदिवस पहारा करायचा आणि वर हे ऐकून घ्यायचं. दुसऱ्याच दिवशी तिने पळसाच्या पानांची चटई काखेत मारली आणि गुहा गाठली.

तिथे एका पायावर उभं राहायचं, शेपूट डोक्यावरून पुढे आणायची आणि हसायचं. हे आसन मात्र भुरकेरावने स्वतःच्या डोक्यातून काढलं होतं. वाफेने जीव नुसता उकडून निघत होता. पाय थरथरला की मंजुळाबाई दात आवळायची. तोल गेला की आणखी आवळायची. चेहऱ्यावरचं हसू सुटेल या भीतीने तर फारच आवळायची. शेजारच्या चटईवर बाळाप्पा गवा असायचा. तो पहिल्या पाच मिनिटांत झोपायचा आणि झोपेत रवंथ करायचा. तोंड हलवू नका म्हणून भुरकेराव रोज त्याला समज द्यायचा आणि बाळाप्पा रोज विसरायचा.

चौथ्या दिवशी मंजुळाबाईचे दात ठणकायला लागले. कानापासून हनुवटीपर्यंत कळ. तोंड उघडायला जावं तर जांभूळ जाईल इतकंच उघडे. बेहड्याचं नाव नको. तिने भुरकेरावला सांगितलं. तो खूश झाला. म्हणाला की जुना ताण दातांवाटे बाहेर पडतोय, वर्ग सोडू नका.

गंमत बघा, दुखत सगळ्यांचंच होतं. हरणाला गवत चावेना, बकुळाबाईला कवठ फुटेना. सगळे गुपचूप पिकून पिलपिलीत झालेली उंबरं गिळत होते आणि भेटला त्याला सांगत होते की हल्ली आम्ही सात्त्विक आहारावर आहोत.

शेवटी मंजुळाबाई डॉक्टर ठोके यांच्याकडे गेली. डॉक्टर ठोके म्हणजे सुतारपक्षी. त्यांनी एकेक दात चोचीने ठोकून पाहिला, मग जबड्याच्या सांध्यावर कान लावला.

"दात उत्तम आहेत," ते म्हणाले. "जबडा तुम्ही स्वतः आवळून ठेवलाय. घट्ट गाठ बसलीय तिथे."

मग त्यांनी तिला भीती घातली, आणि ती भीती खरी होती. शेकरूचे दात मरेपर्यंत वाढत राहतात. रोज काहीतरी टणक कुरतडलं तरच ते झिजून बेतात राहतात. तोंड असंच अडकून राहिलं तर दातच तोंडाला आडवे येतील आणि उंबरसुद्धा आत जाणार नाही.  उपाय काय, असं मंजुळाबाईने दातांच्या फटीतून विचारलं.

"वरचे दात खालच्या दातांवर ठेवू नका. तहान लागली की पाणी प्या. उकडलं की बाहेर या. आणि दुखलं की दुखतंय म्हणा."

"मोठ्याने?"

"तुम्हाला हळू येतं का?" डॉक्टर म्हणाले.

आता शहाण्या प्राण्याने दुसऱ्या दिवशी चटई जाळली असती. पण मंजुळाबाईला वाटलं, मधेच सोडलं तर बकुळाबाई काय म्हणेल? शेकरूला उकाडा झेपला नाही म्हणेल. ती पुन्हा गेली. त्याच्या दुसऱ्या दिवशीही गेली. हसू नका, तुम्हीही गेला असता.

इकडे बिबट्याच्या दोन गोष्टी लक्षात आल्या होत्या. सकाळी ऐनाच्या शेंड्यावरून हल्ली कुणी ओरडत नाही. आणि जंगलातलं सगळं जेवण एकाच गुहेत डोळे मिटून बसलेलं असतं. तो घाई न करता, जांभया देत आला.

मंजुळाबाईने नियम मोडून एक डोळा किलकिला केला होता. तिला वाफेत ठिपके दिसले. तिने ओरडायला तोंड उघडलं, तर उघडलंच नाही. नुसतं "म्म्म" बाहेर आलं.

"सुंदर," भुरकेराव डोळे न उघडता म्हणाला. "असाच ताण बाहेर येऊ द्या."

बिबट्या बरोबर त्याच्याच चटईपाशी थांबला होता. मंजुळाबाईला भुरकेराव कधीच आवडला नव्हता. पण त्याचे ते लांब कान, मिटलेले डोळे आणि ते बावळट हसू पाहून तिला रडूच कोसळलं. आपला आवाज गेला, आणि आपल्या डोळ्यांदेखत हा जाणार. तिला डॉक्टरांचं बोलणं आठवलं. तिने आधी हसणं बंद केलं. मग जीभ सैल सोडली. मग दातांपासून दात सुटे केले. कानाजवळ खट् असा आवाज झाला आणि जबडा सुटला.

"अरे मेल्यांनो, बिबट्या! आणि माझा जबडा दुखतोय! आठ दिवस दुखतोय!"

गुहेत तो आवाज दहा वेळा घुमला. बाळाप्पा गवा झोपेतून दचकून उठला आणि सरळ दाराकडे धावला. वाटेत बिबट्या होता, हे त्याला नंतर सांगावं लागलं. बिबट्या गरम झऱ्यात पडला आणि शेपूट भाजून घेऊन जो पळाला तो पलीकडच्या डोंगरावर थांबला.



"माझाही दुखतोय," बकुळाबाई हळूच म्हणाली. मग हरीण म्हणालं. मग एकेक करून सगळे म्हणाले आणि गाल धरून रडले. तोंड हलवणाऱ्या बाळाप्पाचं तेवढं काही दुखत नव्हतं.

एवढ्यात शांताक्काचं अंग पुरतं तापलं. इतक्या दिवसांत ती पहिल्यांदाच बोलली.

"तुम्ही सगळे रोज माझ्या घरी का येता?"

तुम्हाला वाटेल, गोष्ट संपली, सगळे शहाणे झाले. अहो, कसलं काय!

दुसऱ्या दिवशी सकाळी मंजुळाबाई ऐनाच्या फांदीवर बेहडा कुरतडत बसली होती. काय सुख होतं त्यात! दोन्ही गाल भरलेले, डोळे समाधानाने मिटलेले. खाली भुरकेराव उभा होता. हे आपण काय करता, त्याने हात जोडून विचारलं. मंजुळाबाईचं तोंड भरलेलं होतं, ती काही बोलली नाही.

दुपारपर्यंत झाडाखाली तीन बॅच भरल्या. प्रत्येकाच्या तोंडात एक बेहडा. संध्याकाळी डॉक्टर ठोके यांच्या झाडापाशी रांग लागली. रांगेत सगळ्यांत पुढे भुरकेराव होता. गाल सुजलेला, हातात एक दात, चेहऱ्यावर हसू.

"कसं वाटतंय?" डॉक्टरांनी विचारलं.

"हलकं वाटतंय," भुरकेराव म्हणाला. एक दात कमी झाला होता, तेव्हा थोडंफार खरं असेलही.

तात्पर्य: बाळांनो, कुठे दुखलं तर मुळीच सांगू नका, दात आवळून हसत राहा. सांगितलंत तर बरे व्हाल, आणि एकदा बरे झालात की लोक तुम्हाला सुखाने चार घास खाऊ देणार नाहीत.