मधी कुणी नको

आमच्या मुरुमच्या बसस्टँडसमोरच्या हॉटेलात काशिनाथ सर कधीही बाकावर बसून चहा मागवत नाहीत. ते सरळ आत भट्टीपाशी जातात, आचाऱ्याच्या कानाशी लागून "एक चहा, साखर कमी" असं सांगतात आणि कप स्वतःच घेऊन बाहेर येतात. वेटरला त्यांनी आयुष्यात कधी काही सांगितलेलं नाही. मला म्हणतात, "मास्तर, मी सांगणार एक, त्यो ऐकणार दुसरं, अन आत जाऊन बोलणार तिसरंच. मधी कुणी नको!" गावात त्यांचं खरं नाव आता फक्त पगारपत्रकावर उरलंय. बाकी सगळे त्यांना 'मधीनको सर' म्हणतात.

आमच्या ज्युनियर कॉलेजात ते कॉम्प्युटर शिकवतात, मी मराठी. शिवाय आमची रानं एकाच सामाईक विहिरीवर, त्यामुळे सुट्टीतही माझी सुटका नाही. देवळात ते नारळ पुजाऱ्याच्या हातात देत नाहीत, स्वतः फोडतात. मुलीचं लग्न ठरवताना त्यांनी मध्यस्थाला दारातूनच वाटेला लावलं आणि धाराशिवला मुलाच्या बापासमोर जाऊन बसले. म्हणाले, "मला पोरगी हाय, तुमाला पोरगा हाय. बोला." लग्न जमलं, हा त्या बापाचा मोठेपणा.

पुढे जळकोटला एका लग्नात आम्ही जेवायला बसलो होतो. पलीकडे पुण्याहून आलेला एक इंजिनियर मुलगा ब्लॉकचेनचं कौतुक सांगत होता. त्यात म्हणे बँक नको, ऑफिस नको. एकच मोठी नोंद, तिची नक्कल सगळ्यांकडे, आणि सगळ्यांचं एकमत झाल्याशिवाय पुढची ओळ चढत नाही. सरांनी हातातला घास परत पानात ठेवला.

"म्हंजे मधला माणूस काढला, अन त्याच्या जागी मधली वही आणून बसवली."

"नाही काका, ती सगळ्यांची असते."

"हे बघ. आता माझ्या पानातला भात संपला. तर काय अख्ख्या मांडवानं हात वर करायचा? मी म्हणणार, संपला. शेजारी मास्तर बसलेत, ते म्हणणार, व्हय, संपला. वाढा! माझं माझ्यापाशी, साक्ष शेजाऱ्यापाशी. बाकीच्यांनी आपापलं जेवावं."

"आणि शेजारी खोटं बोलला तर?"

"त्याच्या शेजारी आणि कुणी बसलाय की. लबाडाला पुढल्या पंगतीत साक्ष कोण देणार?"

तेवढ्यात भात आला, आणि सर बोलण्यात गुंतलेले बघून वाढपी पुढे निघून गेला.

हे नुसतं बोलणं नव्हतं. सरांनी खरंच तसं एक ॲप लिहिलं होतं आणि त्याचं नाव ठेवलं होतं 'बारी'. आमच्या विहिरीवर चार वाटेकरी. पाण्याची बारी, म्हणजे पाळी, कुणाची यावरून पूर्वी रोज कटकट व्हायची. 'बारी'त ज्याची नोंद त्याच्याच फोनवर राहते आणि तिच्या नकला इतरांच्या फोनवर थोड्याथोड्या वाटलेल्या असतात. ना कंपनी, ना कुठला मोठा कॉम्प्युटर. आमच्यातल्या एका वाटेकऱ्याचा, गुंडूचा, फोन विहिरीत पडला तेव्हा त्याच्या साऱ्या नोंदी आम्हा तिघांच्या फोनमधून गोळा होऊन परत आल्या. त्याच गुंडूनं पुढे कुणाकडून तरी ॲपमधला नियम आपल्यापुरता बदलून घेतला आणि स्वतःची बारी लांबवली. तर आमच्या फोनांनी त्याला ओळख दाखवायचंच बंद केलं. त्याला हाकला असं कुणी सांगितलं नव्हतं. ज्याच्या त्याच्या फोननं आपापलं ठरवलं. गुंडू चार दिवस फुरंगटला आणि मग निमूट जुनं ॲप घेऊन आला. सर त्या दिवशी वर्गात गुणगुणत होते.

एक नियम मात्र मला विचित्र वाटायचा. आपली बारी झाली की नोंद करायची; पण ज्याची बारी आपल्यानंतर, त्यानं 'व्हय' दाबल्याशिवाय ती पक्की होत नाही, आणि ती पक्की झाल्याशिवाय आपल्याला पुढची बारी नाही. मी म्हणायचो, तिघांतल्या कुणाचीही साक्ष चालू द्या. सर ऐकायचे नाहीत. "ज्याच्याकडं पाणी जाणार, त्यानंच म्हणलं पायजे."

सरांनंतर बारी होती विश्वनाथअण्णांची. म्हणजे त्यांच्या थोरल्या सख्ख्या भावाची.

दोघे एका गल्लीत राहायचे आणि वर्षानुवर्षं एकमेकांशी बोलत नव्हते. वाटणीच्या वेळी बांधावरून शब्दाला शब्द लागला होता. एका संध्याकाळचं भांडण ते, दुसऱ्या दिवशी मिटलं असतं. पण मामा मधे पडले, चुलते मधे पडले, दोन शहाणे मित्र पडले. इकडचं तिकडे नेताना प्रत्येकानं पदरचं थोडं घातलं. शेवटी दोन भावांच्या मधे एवढी माणसं उभी राहिली की एकमेकांचं तोंड दिसेना.

स्टाफरूममध्ये सरांचा फोन वाजला की ते हातातलं सगळं सोडून बघायचे. "काय झालं?" म्हटलं की म्हणायचे, "काय न्हाय, व्हय आलं." मी आपला समजायचो, माणसाला स्वतःच्या ॲपचं केवढं कौतुक!

मग अण्णांना अर्धांगवायू झाला. उजवं अंग गेलं, वाचा गेली. मी सरांना म्हटलं, एकदा जाऊन या. त्यांनी माझ्याकडे रोखून पाहिलं. "मास्तर, तुमी तरी मधी पडू नका." पण बारीच्या दिवशी फोन वाजत राहिला. उशिरा वाजायचा, पण वाजायचा.

माघात अण्णा गेले. अंत्ययात्रेत सर सगळ्यांच्या मागे, एकटे चालत होते. मला त्यांच्या शेजारी जाऊन चालावंसं वाटलं, पण धीर झाला नाही.

त्यानंतर सरांची बारी अडकली. त्यांनी शेवटची केलेली नोंद तशीच लोंबकळत राहिली, कारण 'व्हय' म्हणणारा माणूसच नव्हता. हरभऱ्याचे घाटे भरायची वेळ होती, पाणी पाहिजे होतं, आणि रान डोळ्यादेखत वाळत होतं. गुंडू म्हणाला, "आमी तिघं मिळून नियम बदलू, सर." सरांनी मान हलवली नाही. अण्णांचा मुलगा नोकरीच्या गावाहून आलेला होता. तो साधेपणानं म्हणाला, "काका, बाबांचा फोन घरातच आहे. मी दाबून टाकतो."

सरांना मी तसं ओरडताना कधी पाहिलं नव्हतं. "मेलेल्या माणसाच्या तोंडून बोलतूस व्हय रे?" पोरगं घाबरून गेलं. सरांनी मग त्याच्या पाठीवर हात ठेवला.

एकच वाट होती. अण्णांच्या जागी त्यांच्या बायकोला, कमलावैनींना घ्यायचं. पण नव्या माणसाला घ्यायचं तर शेजारच्या, म्हणजे ज्याची बारी आधी त्या वाटेकऱ्यानं त्याच्या दारात जाऊन, समोरासमोर ओळख द्यायची, हा नियम सरांचाच. आणि शेजारचे वाटेकरी तेच.

एका सकाळी ते माझ्याकडे आले. "मास्तर, चला जरा माझ्यासंगं."

मी म्हटलं, "मी मधे पडू?"

"मधी न्हाय. बाजूला."

चार घरं ओलांडायची होती. सर वाटेत दोनदा चपला नीट करायला थांबले. वैनी दारातच होत्या. त्यांनी पदर सारखा केला आणि तांब्या-पेला आणून ठेवला. सरांनी आपला आणि वैनींचा फोन समोरासमोर धरला. 'ही व्यक्ती आपल्या ओळखीची आहे का?' असं फोननं विचारलं. स्वतः लिहिलेला तो प्रश्न सरांनी दोनदा वाचला, आणि मग 'व्हय' दाबलं. लगेच वैनींच्या फोनवर ती अडकलेली नोंद आली.

"हे दाबायचं न्हवं का भाऊजी? तेबी हेच दाबायचे. डाव्या बोटानं."

सरांनी खाली बघत विचारलं, "दाबताना... काय म्हणायचे अण्णा?"

"जीभ होती तवा म्हणायचे की. 'काश्या, झालं बघ.' दर खेपेला. मी म्हणायची, फोनमधून ऐकू जात न्हाय ओ. तर म्हणायचे, जाऊ दे न जाऊ दे, आपण म्हणायचं." वैनींनी डोळ्यांना पदर लावला. "जीभ गेल्यावर नुसते ओठ हलवायचे."

त्यांनी 'व्हय' दाबलं. सरांच्या खिशात फोन वाजला. त्यांनी तो काढला नाही.

"बसा, च्या टाकते," म्हणून वैनी आत गेल्या. सर चुलीपाशी गेले नाहीत. पायरीवर बसले, मीही शेजारी बसलो. रडताना त्यांचा आवाज येत नव्हता, खांदे तेवढे हलत होते.

"एवढं सगळं लिहिलं, मास्तर," ते म्हणाले, "अन आवाज तेवढा ठेवला न्हाय."