कोळसेवाल्या बेप्पोचं गरम सूप

इटली देशातल्या एका जंगलात, मुलांनो, दीडशे वर्षांपूर्वी एक शहर होतं. शहर म्हटलं की कलावंत आले, आणि कलावंत म्हटले की भूक आलीच.

त्या शहरात असुंताबाई अस्वलिणीची खानावळ होती. पदार्थ एकच: घेवड्याचं सूप, त्यात शिळा पाव. बेप्पो गाढव रोज दुपारी तिथं कोळशाची पोती टाकायचा आणि चुलीजवळच्या बाकावर बसून सूप प्यायचा. वाफाळतं, मान खाली घालून. मग म्हणायचा, "बाई, आणखी." दिवसभराच्या ओझ्यात त्याला सुख असं तेवढंच होतं.

एकदा तिथं फ्लाविओ नावाचं चित्रकार माकड आलं. सोबत एक कवी बोकड आणि एक गवई मोर. माकडानं बेप्पोच्या पोत्यातला कोळसा घेऊन भिंतीवर असुंताबाईचं चित्र काढलं. नाक जरा सढळ हातानं काढलं. त्यावरून तिघांत वाद पेटला.

"अहो, सूप गार झालं!" असुंताबाई ओरडली.

"बाई, कलेपुढे सूप म्हणजे काय?" माकड म्हणालं, आणि गार सूप एका दमात संपवलं.

मग रोज हेच. कीर्ती पसरली. उत्तरेकडून राजहंस येऊ लागले, पंखाखाली प्रवासाची पुस्तकं घेऊन. त्यांना सूप नको होतं. उपाशी कलावंत जवळून बघायचे होते.

एका हंसिणीनं बेप्पोला विचारलं, "आपण काय रंगवता?"

"मी? मी सूप पितो."

"आणि तेही गरम!" ती किंचाळली.

असुंताबाईनं बेप्पोला बाजूला घेतलं. "बेप्पोभाऊ, रागावू नका. पण तुम्ही इथं जेवायला येता, ते आता बरं दिसत नाही."

बेप्पोनं काही दिवस कोरडा पाव चघळला. मग कुठून तरी मखमली टोपी मिळवली, गळ्यात रेशमी रुमाल बांधला आणि खानावळीच्या दारात उभं राहून म्हणाला, "कला मेली!"

हंस गहिवरले. चुलीजवळचा बाक मिळाला. सूपही आलं. पण सगळे टक लावून बसलेले, गरम प्यावं कसं? वाफ विरेपर्यंत बेप्पो कलेवर बोलत राहिला. ते काही फार अवघड गेलं नाही.

हळूहळू खानावळ टोपीवाल्या गाढवांनी भरली. माकड, बोकड आणि मोर मात्र दिसेनासे झाले. असुंताबाईसुद्धा कारभार नोकरांवर टाकून कुठंतरी जायची.

एका दुपारी बेप्पोच्या नाकात वास शिरला. उकळता घेवडा! समोरच्या तबेल्यातून येत होता. तो धावत सुटला.

आत असुंताबाई वाढत होती. माकड, बोकड आणि मोर अंगाला कोळसा फासून, पोती पांघरून, माना खाली घालून सूप ओरपत होते. कलेचं नाव नाही.

"बाई, मला एक वाडगा!"

असुंताबाईनं टोपीकडे बघितलं. "माफ करा हं साहेब. इथं फक्त हमाल जेवतात. कलावंतांचं समोर."

"अहो, मी बेप्पो! कोळसेवाला!"

"सगळे कलावंत असंच सांगतात," माकड मान वर न करता म्हणालं. "बाई, आणखी."

बेप्पो टोपी काढणार, तोच हंसांचा थवा मागून आला आणि त्यांनी त्याला दोन्हीकडून धरलं.

"गुरुजी, चला! आपलं सूप गार झालं."

तात्पर्य: ज्याला कलेसाठी उपाशी राहायचं आहे, त्यानं आधी पोटभर जेवून घ्यावं.