कन्फेशनच्या रांगेचा बंदोबस्त

कंट्रोलरसाहेबांनी एकदा मनावर घेतलं की संपलं! अख्खं आयुष्य बसडेपोत गेलेलं. शिट्टी वाजवली की भल्याभल्या गाड्या मुकाट्याने मागे सरकायच्या. तिथे चर्चच्या युवा मेळाव्यातल्या कॉलेजच्या पोरांची काय कथा!

"शिस्त कशी लावतात ते आज दाखवतोच!" शर्टाला इस्त्री करता करता ते गरजले.

"पण तुम्हाला बोलावलंय कोणी?" बायकोने स्वयंपाकघरातूनच विचारलं.

"स्वयंसेवकाला बोलवायला लागत नाही! तो आपणहून जातो!"

एवढ्यात लेक तयार होऊन बाहेर आली. "पप्पा, यायचं तर या. पण तिथे मला हाक मारायची नाही, डबा खाल्लास का विचारायचं नाही. आपली ओळखच नाही, असं समजा."

साहेबांच्या काळजात चर्र झालं. जिला खांद्यावर बसवून चर्चला नेलं, तिने ओळख नाही म्हणावं? कॉलेजात गेल्यापासून ही पोरगी रस्त्यातसुद्धा चार पावलं पुढे चालायची. खरं सांगायचं तर शिस्तबिस्त सगळं निमित्त होतं. तिने मैत्रिणींसमोर एकदा, फक्त एकदा "हे माझे पप्पा" म्हणावं, एवढ्यासाठी हा माणूस रजा टाकून निघाला होता!

मेळावा चर्चच्या हॉलमध्ये होता. व्यवस्था बघणाऱ्या सिस्टरनी साहेबांच्या शर्टाला बिल्ला लावला आणि कन्फेशनच्या वेळी त्यांना हॉलमध्ये उभं केलं. चार कोपऱ्यांत चार फादर बसलेले. मुलांनी एकेक करून जायचं, आपली पापं हळूच सांगायची, क्षमा घ्यायची आणि फादर सांगतील ते छोटंसं प्रायश्चित्त करायचं. बहुधा दोन-चार प्रार्थना.

"तुम्ही फक्त उभे राहा हं," सिस्टर म्हणाल्या. "मुलांना सगळं माहीत आहे." आणि त्या जेवणाची तयारी बघायला गेल्या.

फक्त उभे राहा! कंट्रोलरला! हा अपमान गिळून साहेबांनी हॉलवर नजर फिरवली आणि त्यांचा पाराच चढला. तिघा तरुण फादरांपुढची रांग दाराबाहेर पार नळापर्यंत गेलेली. आणि खिडकीजवळचे म्हातारे फादर? एकटेच! बिचारे चष्मा पुसत बसलेले. त्यांच्यापुढे चिटपाखरू नव्हतं. एक गाडी खच्चून भरलेली आणि दुसरी रिकामी? त्यांच्या डेपोत असं कधी चाललं नसतं!

"तिकडे का कोणी जात नाही?" त्यांनी रांगेतल्या एका चष्मेवाल्याला दरडावलं.

"काका, त्या फादरना ऐकायला कमी येतं."

"मग मोठ्याने सांग!"

"अहो, पापं मोठ्याने कशी सांगायची?"

असल्या सबबी साहेब रोज ऐकत होते. त्यांनी खिशातून शिट्टी काढली. फुर्रर्र! तरुण फादर दचकून अर्धे उठले. "या खांबापासून मागचे सगळे खिडकीकडे! चला, चला, दारात गर्दी नको!"

खांबामागे कोण उभं होतं? त्यांची लेक! तिने असे डोळे वटारले की दुसरा बाप जागीच विरघळला असता. पण साहेब निःपक्षपाती! डेपोत सख्ख्या मेव्हण्याला रांगेच्या शेवटी पाठवणारा माणूस. लेकीच्या मैत्रिणीने तिला काहीतरी विचारलं, तिने भिंतीकडे बघत काहीतरी उत्तर दिलं आणि दोघी निमूटपणे खिडकीकडे निघाल्या.

रांग मार्गी लागली, तर आता ती टिंगटिंग कानाला खुपायला लागली. व्यासपीठाशी बसलेला एक केसाळ मुलगा मघापासून गिटार वाजवत होता. थांबायचं नाव नाही!

"अरे, पवित्र काम चाललंय की सहल?"

"काका, सिस्टरनीच सांगितलंय, कन्फेशन संपेपर्यंत थांबायचं नाही म्हणून. कारण..."

"कारणं नकोत! बंद!"

मुलाने तोंड फुगवलं, गिटार पिशवीत घातली आणि चेन ओढली. हॉलमध्ये काय शांतता पसरली, वा! साहेबांची छाती फुगली.

"काय?" म्हातारे फादर खिडकीजवळून गडगडले. "कॉपी केलीस? पेपरात?"

सगळ्या माना वळल्या. चष्मेवाला खुर्चीत अर्धा झाला.

"काही हरकत नाही, बाळा! तीन वेळा नमो मरिये म्हण. पुढचा!"

पुढची म्हणजे लेकीची मैत्रीण. "काय? सिस्टरची नक्कल करतेस? चालण्याची?" फादरना राहवेना. "कशी चालतात त्या?"

सिस्टर नेमक्या तेव्हाच पाण्याचा जग घेऊन दारातून आत येत होत्या. होत्या तिथेच थबकल्या. आता कसं चालावं, हेच त्यांना कळेना.

"गिटार कोणी बंद केली?" त्यांनी दबक्या आवाजात विचारलं. "इकडचं तिकडे ऐकू जाऊ नये म्हणून तर ती ठेवली होती!"

आत्ता साहेबांच्या डोक्यात प्रकाश पडला! आणि खिडकीजवळच्या खुर्चीत आता कोण बसत होतं? त्यांची पोरगी! अवघ्या हॉलसमोर तिची शोभा होणार आणि ती बापामुळे! मग कसले "हे माझे पप्पा"! ती जन्मात बोलायची नाही!

"वाजव! वाजव लवकर!" ते गिटारवाल्यावर धावले.

"चेन अडकलीय, काका!"

साहेबांनी मागचापुढचा विचार केला नाही. स्वतःच गायला सुरुवात केली! भजनाचे शब्द आठवेनात, म्हणून नुसतंच "आ... आ...!"

"साहेब!" सिस्टर कडाडल्या. "शांतता पाळा!"

साहेब गप्प झाले. हॉल गप्प झाला.

"काय?" फादर म्हणाले. "वडिलांना ओळख दाखवली नाहीस? मग मैत्रिणीला काय सांगितलंस, कोण आहेत म्हणून? हॉलचे वॉचमन?"

सगळा हॉल साहेबांकडे बघायला लागला. साहेब बिल्ल्याकडे बघायला लागले. वॉचमन! निदान कंट्रोलर तरी म्हणायचं!

"तुझं प्रायश्चित्त ऐक," फादर म्हणाले. "आज सगळ्यांसमोर वडिलांच्या शेजारी बसून जेवायचं. त्यांचं जेवण होईपर्यंत उठायचं नाही."

आता लेकीचाही आवाज स्वच्छ ऐकू आला. "फादर, त्यापेक्षा पाच जपमाळा म्हटल्या तर नाही का चालणार?"

पाच! एकेका माळेत पन्नास-पन्नास नमो मरिये! म्हणजे पेपरात कॉपी केली तर तीन नमो मरिये, आणि जन्मदात्या बापाशेजारी बसणं पाच जपमाळांपेक्षा जड? साहेबांच्या अंगाचा तिळपापड झाला. पण फादर ऐकेनात. म्हणजे तसेही त्यांना ऐकू येत नव्हतंच.

जेवणाच्या वेळी लेक ताट घेऊन आली, शेजारी बसली आणि टेबलावरच्या सगळ्यांना खणखणीत आवाजात म्हणाली, "हे माझे पप्पा."

साहेबांचा घास हातातच राहिला. डोळे भरून आले. राग, अपमान, वॉचमन, सगळं कुठल्या कुठे गेलं! लेकीने त्यांच्या ताटात डोकावून पाहिलं आणि कानाशी येऊन कुजबुजली, "पप्पा, भराभर जेवा ना! तुमचं होईपर्यंत मला उठता येत नाही."

कंट्रोलरसाहेब ताडकन उठले. रागाने लालबुंद होऊन ताट उचललं आणि पुन्हा वाढून घ्यायला रांगेत जाऊन उभे राहिले. सगळ्यांच्या शेवटी!