अंगठ्यावर पटलेला सौदा

माल पारखल्याशिवाय घेऊ नये, हा आमच्या धर्माबादच्या मोंढ्याचा, म्हणजे घाऊक बाजाराचा, धर्म आहे. आणि मालकाला पारखू नये, हाही. मिरचीचं पोतं आलं की आडत दुकानदार मिरची मोडून पाहतो, हुंगतो, ओल किती ते सांगतो. त्याच्या स्वतःच्या आत काय चाललंय, ही मात्र खासगी बाब समजली जाते.

तरीही व्यापारी मंडळाने आरोग्य शिबिर घेतलं. (उद्घाटनाला पेढे होते.) त्यात सभासदांचं ड जीवनसत्त्व सरसकट तळाला गेलेलं निघालं. यात नवल नाही. आमच्याकडे ऊन मिरचीला देतात, माणसं पत्र्याखाली गादीवर बसतात. मंडळाने ठराव केला की ऊन मालासाठीच राखीव असावं.

आहाराबाबत तर कुणाला बोट ठेवायला जागा नाही. सकाळी भिजवलेल्या मुरमुऱ्यांचा फोडणीचा सुशीला नि भजे, पुढे आलेल्या प्रत्येक शेतकऱ्यासोबत चहा. चहा नेहमी अर्धाच घेतात, आणि अर्धा कुणी मोजत नाही.

साखर तपासायला साक्षी नावाची लॅबवाली पोरगी बसली होती. तिच्यापुढे संगमेश्वरअप्पा आले, मोंढ्यातले जुने आडते. आमच्यात भाव तोंडाने बोलत नाहीत. रुमालाखाली एकमेकांची बोटं दाबून ठरवतात. साक्षीने टोचायला बोट धरलं, तसा अप्पांनी सवयीने दोघांच्या हातांवर रुमाल टाकला.

“काका, रुमाल काढा.” तिने टोचलं, यंत्रात पाहिलं. “तीनशे अठरा हाय.”

“लई सांगून राहिल्या, ताई. काहीतरी सोडा.”

“ह्यात सोडता येत न्हाई. आन् ह्या अंगठ्याला काय झालं?”

पायाच्या अंगठ्याला हमालाचा हूक लागला होता. जखम काही केल्या भरत नव्हती.

“दुखत न्हाई,” अप्पा समाधानाने म्हणाले.

“दुखत न्हाई हेच वाईट हाय. आजच नांदेडला जा, काका. पाय जाईल.”

पहिला भाव चढाच सांगतात, हे अप्पांना ठाऊक होतं. घरी बायकोला, अंबिकाकाकूंना, त्यांनी एकशे चाळीसवर सौदा पटल्याचं सांगितलं. नांदेडला जायचं हंगाम उरकल्यावर बघू, असं ठरलं. मोंढ्यात त्यांचं कौतुक झालं, आणि इतरांनीही आपापले आकडे घरी नेताना वाटेत थोडे उतरवले.

हंगाम उरकला तेव्हा अंगठा काळा पडला होता. नांदेडहून अप्पा काठी घेऊन परतले आणि थेट गादीवर बसले.

“डॉक्टर पाऊल मागून राहिले होते. म्या अंगठ्यावर आणलं.”

आम्ही सगळ्यांनी वाहवा केली. चहा मागवला, अर्धा अर्धा. मला मात्र त्यांच्या चपलेतल्या रिकाम्या जागेकडे बघवेना.

अंबिकाकाकू भाकरीचा डबा घेऊन आल्या होत्या. त्यांनी अप्पांच्या हातातला कप काढून घेतला.

“दुसऱ्या पायाचा भाव कवा काढायचा?” त्या म्हणाल्या.

अप्पांनी सवयीने रुमाल चाचपला.

वाचकहो, तुम्ही मोंढ्यातले नाही, शिकलेले आहात. तुमची साखर किती, हे मी विचारणार नाही. पण एवढं वाचून ‘एकदा तपासून घेऊ, दिवाळीनंतर’ असं मनात आलं असेल, तर हात हलवू नका. वर रुमाल पडलेला आहे आणि ‘दिवाळीनंतर’ हा तुमचा पहिला भाव सांगून झाला आहे.