चारशे गोळ्या आणि एक संप

विज्ञानात मला हरवणारा अजून जन्माला यायचाय! कॉलेजचं तोंड पाहिलं नाही, पण मोबाइलवर सगळं शिकलोय. बर्फाचं पाणी, पाण्याची वाफ, वाफेचं पुन्हा पाणी. झोपेतून उठवून विचारा!

आमचं कोट-ब्लँकेटचं गोदाम. कपाटं माझ्या ताब्यात. सहा महिने तात्पुरता होतो, आणि त्या संध्याकाळी मालक मला कायम करणार की घरी पाठवणार, ते ठरणार होतं.

सकाळी मालकांनी कपाट उघडलं आणि किंचाळलेच!

"तू आलास तेव्हा चारशे डांबरगोळ्या ठेवल्या होत्या! सतराच कशा?"

"मालक, उडाल्या."

"गोळ्यांना पंख असतात? संध्याकाळपर्यंत चोर दाखव, नाहीतर तूच चोर!" आणि गेले बाहेरच्या कामाला.

रफूवाले काका चष्म्यावरून बघत म्हणाले, "काय रे, खाल्ल्यास की काय?"

"काका, याला संप्लवन म्हणतात! गोळी वितळत नाही, थेट तिची हवा होते. मधे पाणी होण्याच्या भानगडीतच पडत नाही!"

"आमच्या जावयासारखं," इस्त्रीवाल्या मावशी म्हणाल्या. "बसणं नाही, चहा नाही. आला की गायब!"

पण विश्वास कोणाचाच बसेना. मग म्हटलं, दाखवतोच! डब्याच्या झाकणात पाच गोळ्या घेतल्या आणि झाकण ठेवलं उलट्या तापलेल्या इस्त्रीवर.

गोळ्या चक्क वितळल्या!

"हे पाणी कुठून आलं रे?" काका.

"ते... जरा जास्त तापल्या..."

आणि असा काही वास सुटला, की डोळ्यांचे नळ झाले! इस्त्री बंद केली, खिडक्या उघडल्या आणि आम्ही बाराच्या बारा माणसं खोकत बाहेर. पायऱ्यांवर ओळीने बसलो, तोंडाला फडकी बांधून.

तेवढ्यात मालकांचा फोन. मागे रस्त्यावरचे हॉर्न.

"सापडला का चोर?"

"चोर नाहीच मालक! संप्लवन आहे!"

"संप? कोणाचा संप?"

"गोळ्यांचा, मालक! सगळ्या गोळ्या हवेत!"

"हवेत गोळ्या? अरे, कोणी झाडल्या?"

"झाडल्या नाहीत, तापवल्या! आम्ही सगळे बाहेर येऊन बसलोय!"

फोन कट.

दहा मिनिटांत मालक हजर. बुशशर्ट घामाने अंगाला चिकटलेला. बघतात तर बारा माणसं, तोंडं बांधलेली, डोळे लालभडक, एक जण बोलेल तर शपथ!

"रडताय कशाला? मागण्या सांगा!"

मी उभा राहिलो. "मालक, हा संप नाहीच हो, ते..."

"पुढारी तू होय? बरं, केलं तुला कायम! झालं समाधान?"

आनंद तर झालाच! पण खोट्यावर कायम होणं काही बरं वाटेना.

"मालक, खरं सांगतो, त्या गोळ्या आपोआप..."

"गोळ्यांचं नाव काढू नकोस! आत चार पंखे बसवतो!"

"अहो, ऐका तर..."

"जेवणाची सुट्टी अर्धा तास वाढवली! आता तरी मिटव ना बाबा!"

म्हटलं, आता संप्लवन पहिल्यापासून नीट समजावून सांगायचं. तोंड उघडलं, तोच मावशींनी मागून शर्ट ओढून मला खाली बसवलं.

"गप बस मेल्या!" फडक्याआडून त्या पुटपुटल्या. "आणखी एकदा खरं बोललास, तर हा माणूस गोदामच आपल्या सगळ्यांच्या नावावर करेल. मग संप कोणाविरुद्ध करायचा?"