चौगुल्यांचा पिवळा टॅग

चौगुल्यांच्या हातात चहाचा कप दिला की ते आधी कप वर उचलून त्याचा तळ बघतात. मग कडेवरून बोट फिरवतात, कुठे तडा गेलाय का ते बघायला. मग वास घेतात. एवढं झाल्यावर माणूस चहा पिईल असं आपल्याला वाटतं, तर ते विचारतात, “वहिनी, दूध कधी उघडलं?”

ज्या माणसाने पंधरा वर्षांत माझ्या हातचा चहा एकदाही सरळ प्यायला नाही, त्याच्याबद्दल मी चांगलं बोलेन अशी अपेक्षा कुणी ठेवू नये. त्यातून गेल्या जानेवारीपर्यंत माझी पक्की खात्री होती की चौगुले चोर आहेत. नुसता संशय नव्हे, खात्री. संशय हे त्यांचं खातं होतं.

चौगुले मूळचे मिरजेचे. शारजातल्या हमरिया फ्री झोनमधल्या एका फॅब्रिकेशन यार्डात ते क्यूसी इन्स्पेक्टर आहेत. दुसऱ्यांनी केलेल्या वेल्डिंगवर अविश्वास दाखवायचा त्यांना पगार मिळतो, असं सतीश, म्हणजे माझा नवरा, म्हणतो. यार्डात त्यांच्याकडे तीन रंगांचे टॅग असतात. हिरवा म्हणजे पास, लाल म्हणजे रिजेक्ट आणि पिवळा म्हणजे होल्ड. होल्ड म्हणजे निर्णय बाकी. वस्तू बाजूला ठेवायची, पुढच्या तपासणीची तारीख टाकायची आणि कुणाला हात लावू द्यायचा नाही. हे मला पाठ आहे, कारण चौगुल्यांनी ते मला, सतीशला, आमच्या ईशाला आणि एकदा पाणी द्यायला आलेल्या टँकरवाल्यालाही समजावून सांगितलं आहे.

आमची रॅली दर जानेवारीत उम्म अल क्वैनच्या खाडीकाठी भरते. रॅली हा शब्द जरा मोठाच झाला. एके काळी नऊ ट्रेलर असायचे, आता पाच उरलेत. कुणी शारजाहून येतं, कुणी अबू धाबीहून, एक कुटुंब थेट रुवैसहून. झोपायच्या बाकड्यांचे, छोट्या ओट्याचे ट्रेलर गाड्यांमागे जोडून आणायचे, ओळीने लावायचे आणि तीन दिवस वाळूत बसून वर्षभराच्या गप्पा मारायच्या. एरवी वर्षभर ही माणसं आम्हाला फक्त फोनवर भेटतात.

चौगुले सगळ्यांच्या आधी पोचतात आणि वाळूवर चुन्याने रेघा मारून जागांना नंबर घालतात. एक ते नऊ. आता ट्रेलर पाच असताना नऊ जागा कशाला, हे मी एकदा विचारलं होतं.

“तीन नंबर केळकरांचा.”

“केळकर पुण्याला गेले ना? चार वर्षं झाली.”

“होल्ड आहे,” चौगुले म्हणाले.

एका वर्षी एक नवं कुटुंब आलं होतं. बिचारे ठाण्याचे, नवा कोरा ट्रेलर घेऊन हौसेने आलेले. त्यांनी तीन नंबरच्या जागेत गाडी घातली, तर चौगुल्यांनी त्यांना बाहेर काढून पार टोकाला, दहा नंबरची नवी रेघ मारून दिली. ती माणसं दुसऱ्या दिवशी निघून गेली ती परत आली नाहीत. मोकळी जागा चौगुल्यांना स्वतःला हवी असणार, असं तेव्हा आमचं सगळ्यांचं मत पडलं.

आणि मग चोऱ्या. दर वर्षी रॅलीत काहीतरी नाहीसं व्हायचं. मोठं काही नाही. केळकर गेले त्या वर्षी त्यांच्या कॅरमचा स्ट्रायकर गेला. मग ईशाची एक चप्पल, एकच. मग हमीदाभाभींचा सुपारी कातरायचा अडकित्ता. हमीदाभाभी रत्नागिरीकडच्या, त्यांच्या यजमानांचं शारजात रोल्लाला कापडाचं दुकान आहे आणि अडकित्त्याशिवाय त्यांचं पान हलत नाही. आणि तीन वर्षांपूर्वी माझा पितळी झारा गेला.

झारा माझ्या आईचा होता. घासून घासून त्याच्या कडा पातळ झालेल्या. आई गेल्यावर तिची म्हणून मी आणलेली ती एकच वस्तू. रॅलीत पहिल्या संध्याकाळी भजी मीच तळायची, त्यासाठी तो येत असे.

तो गेल्यावर चौगुल्यांनी स्वतः चौकशी चालवली. माझ्याकडून झाऱ्याचं चित्र काढून घेतलं. “लांबी किती? सोळा इंच की अठरा? शेवटचं कुणी पाहिलं?” सगळ्यांचे ट्रेलर तपासले, गाद्या उलटवल्या. स्वतःच्या ट्रेलरपाशी आल्यावर म्हणाले, “हा क्लिअर आहे.” त्या ट्रेलरला दोन कुलपं असतात. दात घासायला बाहेर आले तरी चौगुले दोन्ही लावतात. आमच्यापैकी कुणीही तो आतून पाहिला नव्हता. त्यात चांगला ओटा आहे म्हणतात, पण हा माणूस तीन दिवस दुकानातली खुबूस रोटी आणि दही खातो. इतकं लपवणारा माणूस काय लपवत असेल, हे ओळखायला मला काही वेळ लागला नाही.

गेल्या जानेवारीत मला झारा काहीही करून परत हवा होता, कारण ती आमची शेवटची रॅली होती. सतीशची नोकरी संपली होती. मार्चमध्ये आम्ही कायमचे नाशिकला परतणार होतो. हे आम्ही कुणालाच सांगितलं नव्हतं. सांगितलं की शाल, नारळ, भाषणं आणि माझं रडणं. ते नको होतं. झारा घ्यायचा आणि नेहमीसारखं ‘भेटू’ म्हणून निघायचं, एवढंच मी ठरवलं होतं.

पण चौगुल्यांनी पोचताक्षणीच आमचा ट्रेलर गाठला. वाकून टायरवरची तारीख वाचली.

“वहिनी, टायर एक्स्पायर होतायत. बदलले नाहीत?”

“बदलू की.”

“आणि मुल्किया?” मुल्किया म्हणजे गाडीच्या नोंदणीचं कार्ड.

“फेब्रुवारीत संपतेय.”

“रिन्यू करणार ना?”

“इन्शाल्ला.”

“इन्शाल्ला नको. तारीख सांगा.”

मी भज्यांच्या पिठाकडे वळले. चौगुले दारातून माझ्या ओट्याकडे बघत होते. “हे काय, मोहरीचं शंभर ग्रॅमचं पाकीट? दर वर्षी तुम्ही किलोची पिशवी आणता.”

माझे हात पिठात तसेच थांबले. ईशा माझ्या कानाशी येऊन म्हणाली, “ममा, ही नोज. त्यांना टोटली कळलंय.”

“चूप,” मी म्हटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी हमीदाभाभींना गाठलं. आमचं नाशिकला जायचं सोडून बाकी सगळं त्यांना सांगितलं. मला वाटलं, त्या मला वेड्यात काढतील. त्या म्हणाल्या, “अगो, मला तर कधीचा डाउट आहे. पण तो बाहेर कसा निघेल, दरवाजा खुला टाकून?”

दोघींनी एकदमच गॅसच्या शेगडीकडे पाहिलं.

चौगुल्यांना गॅसची फार धास्ती. दर रॅलीत साबणाच्या पाण्याची बाटली घेऊन ते प्रत्येकाच्या गॅसच्या नळीवर फवारे मारत फिरतात आणि फुगे येतायत का ते बघतात. “तू जा अंदर,” हमीदाभाभी म्हणाल्या, “मी त्याला इथे अडकवते. आणि बघ हां, अडकित्ता दिसला तर माझापण आण.”

नाश्त्यानंतर त्यांनी जी हाक मारली, ती खाडीपलीकडेही ऐकू गेली असेल. “चौगुलेभाई! गॅस का वास आ रहा है!”

चौगुले ट्रेलरमधून अक्षरशः उडी मारून बाहेर आले. एका पायात चप्पल, हातात बाटली. “यल्ला, सगळे बाहेर! लायटर नको! मोबाईल नको! पोरांना पाण्याकडे न्या!” ओरडत ते माझ्या शेजारून पळाले, त्यांना मी दिसलेही नाही. मी सरळ त्यांच्या ट्रेलरात शिरले.

आत सगळं लख्ख होतं. एका बाजूला झोपायचं बाकडं, घडी केलेली चादर. दुसऱ्या बाजूच्या बाकड्यावर फोम अंथरला होता आणि त्यावर ओळीने पारदर्शक पिशव्या. प्रत्येक पिशवीला पिवळा टॅग. स्ट्रायकर. ईशाची चप्पल, जी आता तिच्या अर्ध्या पायालाही झाली नसती. अडकित्ता. कुणाची चावी, कुणाचा चष्मा, कुणाच्या बाळाचा चमचा. आणि झारा. टॅगवर सुंदर अक्षरात माझं नाव, जागा क्रमांक पाच, आणि खाली ‘पुढील तपासणी’च्या रकान्यात जानेवारी. तो खोडून पुढच्या वर्षीचा जानेवारी. तोही खोडून त्याच्या पुढचा.

विजयाचा आनंद व्हायला हवा होता. पण माझं लक्ष ओळीतल्या पहिल्या पिशवीकडे गेलं. तिच्यात एक पोळपाट होता. टॅगवर लिहिलं होतं, सौ. वैशाली चौगुले, जागा क्रमांक एक. खालच्या रकान्यात इतके जानेवारी खोडले होते की टॅग भरून गेला होता आणि त्याला दुसरा टॅग बांधला होता.

“गॅस नाही. नळी ओके आहे.”

चौगुले दारात उभे होते. धापा टाकत, एकाच चपलेत. माझ्या हातात झारा होता. चोर कोण आणि पोलीस कोण, हे बघणाऱ्याला सांगता आलं नसतं.

“हे तुम्ही का केलंत?” माझा आवाज चढला. “आईची वस्तू होती ती. चित्र काढायला लावलंत मला!”

त्यांनी साबणाच्या पाण्याची बाटली खाली ठेवली. मग यार्डातला रिपोर्ट द्यावा तसं बोलायला लागले. “वैशाली मुलीच्या दहावीसाठी मिरजेला गेली. एका वर्षासाठी. पोळपाट इथे राहिला. फोनवर म्हणाली, राहू दे, पुढच्या वर्षी येतेच आहे. आमची आई म्हणायची, कुणाकडे काही विसरून गेलं की तिथे पुन्हा जाणं होतं. म्हणून मी पाठवला नाही.”

“मग?”

“मग दहावी झाली. बारावी झाली. इंजिनीअरिंग झालं. आता मुलीला पुण्यात जॉब आहे, तर तिच्या डब्याचं बघायला कुणीतरी पाहिजे.” ते थांबले. “येते म्हणते. नाही म्हणत नाही.”

मी पोळपाटाची पिशवी ओळीत सरळ करून ठेवली.

“केळकर निघाले तेव्हा मी त्यांचा ट्रेलर चेक केला. काहीच राहिलं नव्हतं. एक सेफ्टी पिनसुद्धा नाही. मला भीतीच वाटली, ओ. म्हणून मीच एक वस्तू ठेवून घेतली. मग वाटलं, निघायच्या वेळेलाच कशाला, आधीपासून ठेवलेली बरी. कुणाचा व्हिसा कधी कॅन्सल होईल, काय सांगावं.”

“केळकर आले का मग?”

“होल्ड आहे,” चौगुले म्हणाले.

ते आत आले, माझ्या हातातल्या झाऱ्याचा टॅग सोडवला आणि खिशात घातला. “हा घेऊन जा वहिनी. तुम्ही मुल्किया रिन्यू करणार नाही. मोहरी शंभर ग्रॅम आहे. मला कळतं. आईची वस्तू आहे हे माहीत नव्हतं, नाहीतर दुसरं काहीतरी घेतलं असतं.”

मी झारा पदराखाली धरून बाहेर आले. बाहेरून वळून पाहिलं तर दोन्ही कुलपं कडीला तशीच उघडी लटकत होती. गॅसची हाक ऐकल्यावर हा माणूस ती लावायला थांबला नव्हता. मला माझी इतकी लाज वाटली की हमीदाभाभींना मी सांगितलं, आत काही नाही, खलास, उगाच संशय घेतला आपण. त्यांनी माझ्या तोंडाकडे पाहिलं आणि अडकित्त्याचं नावही काढलं नाही.

निघायच्या दिवशी चौगुले नेहमीसारखे प्रत्येक ट्रेलरपाशी जाऊन विचारत होते, “काही राहिलं नाही ना? नीट बघा. परत बघा.” आमच्यापाशी आले तेव्हा मात्र त्यांनी काही विचारलं नाही. नुसते टायरकडे बघत उभे राहिले.

मी झारा काढून त्यांच्या हातात दिला. “हा राहिलाय,” मी म्हटलं.

त्यांनी सवयीने तो उलटा करून पाहिला. कडेवरून बोट फिरवलं. मग खिशातून टॅग काढला, पेन काढलं. “पुढील तपासणी?”

“जानेवारी.”

मला वाटलं, आता विचारतील, कशावरून? व्हिसा कुठला? पुरावा काय? त्यांनी काही विचारलं नाही. माझ्या तोंडचा शब्द घेतला आणि लिहिला. पंधरा वर्षांत पहिल्यांदा. मला जे रडायचं नव्हतं, ते मी रडलेच.

अर्थात चौगुले ते चौगुलेच. आम्ही नाशिकला आल्यापासून दर महिन्याच्या एक तारखेला त्यांचा मेसेज येतो. “तिकीट काढलं का? स्क्रीनशॉट पाठवा.” इन्शाल्ला म्हटलं की उत्तर येतं, “तारीख सांगा.” मी इथे साधी पळी घेऊन भजी तळते. नवा झारा का घेत नाही, असं ईशा विचारते, मी तिला सांगत नाही.

गेल्या आठवड्यात जानेवारीची तिकिटं काढली. तिघांची, पाच दिवसांची. चौगुल्यांना फोटो पाठवला. बराच वेळ उत्तर आलं नाही. नाव, तारीख, फ्लाइट नंबर, सगळं मोठं करून तपासत असणार. मग मेसेज आला.

“पास. पण वहिनी, परतीचं तिकीट आत्ताच कशाला काढलंत?”